जोडसायकलची मागची सीट

५ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या निघायचं. समुद्रकिनारी दोन रात्री, तंबूत. बायको गेल्यापासून जोडसायकल गॅलरीत उभी आहे. लेक म्हणते, दोन सीटची सायकल, घरात माणूस एक, कुणाला तरी देऊन टाका. मी म्हटलं, या वीकेंडला चालवून दाखवतो. चालवली तर राहील, नाही तर जाईल, असं ठरलं. लेक सोबत येते आहे. माझी काळजी वाटते म्हणाली. खरं तर तिलाच बदल हवा असणार.

निर्णय : मी पुढे बसणार. आजवर मागे बसायचो, कारण जोर मागच्याचा लागतो. पुढच्याने नुसतं हँडल धरायचं. ते आमची ही धरायची.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

तंबू उभारला. पद्धतशीर. एक काठी उरली. कंपनीने जास्तीची दिली असावी.

थोड्या वेळाने : वारा सुटला आणि तंबू आडवा झाला. उरलेली काठी कुठे बसते ते लेकीने शोधून काढलं. मी तेच सांगणार होतो.

७ फेब्रुवारी, सकाळ

टेकडी चढायला गेलो. माथ्यापेक्षा निम्म्यावरून समुद्र जास्त चांगला दिसतो, म्हणून तिथेच बसलो. लेक वर जाऊन आली. तिला घार दिसली, मुंगूस दिसलं. मला बगळा दिसला. जवळ गेल्यावर ती पिशवी निघाली. पण उभं राहण्याची ढब बगळ्याचीच होती.

दुपार

सायकल काढली. मी पुढे, लेक मागे. सायकल वाळूत गेली. मग कुंपणात. मग पुन्हा वाळूत. हँडलमध्ये नक्की बिघाड आहे. हिने इतकी वर्षं तक्रार कशी केली नाही, कळत नाही. लेक गुडघ्याला मलम लावत म्हणाली, गॅलरीत कपडे वाळत घालायला छान जागा होईल. जेवण गेलं नाही. पित्त असावं.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लेक आपणहून पुढे बसली. म्हणाली, एक शेवटची फेरी. मी मागे बसलो. तिला समजावलं की आता काळजी नको, ताकद मागे आली आहे.

खाडीच्या कडेने रस्ता छान आहे. या खाडीत हिला दर वर्षी पाणमांजर दिसायचं. मला हिची पाठ दिसायची. निळा स्वेटर, खांद्यावर उसवलेला. शिवून घे म्हणायचं राहूनच गेलं.

पुढे चढ लागला. लेक मागे न बघता म्हणाली, “बाबा, पाय थांबले.”

चालू आहेत, म्हटलं.

“आई सांगायची मला. चढ आला की तुझे बाबा पाय दांडीवर टेकवून समुद्र बघत बसतात.”

मग ही कधी बोलली का नाही, असं मी विचारलं. लेक थोडा वेळ धापा टाकत राहिली.

“म्हणायची, मागे बसून काहीबाही बोलत असतात, तेवढ्यात चढ संपतो.”

पेडल मारायला लागलो. चढ चांगलाच आहे. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मध्ये एकदा डोळ्यांत वारा गेला. लेक म्हणाली, बोला ना काहीतरी. मग मी तंबूच्या काठीबद्दल बोललो. ती इतकी हसली की सायकल पुन्हा कुंपणात जाता जाता वाचली.

वर पोचलो. ती म्हणाली, सायकल राहू द्या. रविवारी मी येत जाईन. पुढे मीच बसणार. मी फार ताणून धरलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाय उचलत नाहीत. जिना बसून उतरलो. ऑफिसला रजा. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारलं, पहिल्यांदाच चालवली का सायकल?

हो म्हणालो.