घाटावरची फुलवाल्यांची रांग

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. नववीत तुम्ही इतिहासाचं पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "राजे परीक्षेपुरते. आता आपल्या गोदाघाटाचा इतिहास लिहून आणा. घाटावर कोण बसतं, कधीपासून बसतं, विचारा." मी देवळांच्या माहितीपुस्तिकेतून चार पानं सुवाच्य अक्षरात उतरवली. तुम्ही वर्गासमोर वही परत दिलीत. "हे छापलेलं मला कशाला? तुझी आई घाटावर फुलं विकते ना? तिला विचार." पोरी वळून बघतात. माझे कान तापतात. तोवर वर्गात हे कुणाला माहीत नव्हतं. मी आईला काही विचारलं नाही, वहीही पुन्हा दिली नाही.

पुढे मी अंबडला एका कारखान्यात लागले, त्या सुमारास घाटाचं काम निघालं आणि फुलवाल्यांना उठवायचं ठरलं. रजा टाकून आईबरोबर पालिकेच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "आधीपासून बसता, याला लेखी काही?"

"माझी सासू बसायची, तिची सासू बसायची," आई म्हणाली. "लेखी काय असनार साहेब? अख्ख्या घाटाला विचारा की."

"घाट सही करतो का, मावशी?"

तुम्ही जमा करून शाळेतल्या कपाटात ठेवलेल्या त्या वह्या मला आठवल्या. वर्गातल्या नावाड्याच्या पोरीने, परटाच्या पोरीने घरी विचारून पानंच्या पानं लिहिली होती. त्यांत फुलवाल्यांची रांग कुठेतरी आलीच असेल, म्हणून मी तशीच शाळेत गेले. शिपाई म्हणाला, "बाई वारल्या, कपाट रिकामं केलं. रद्दीत गेलं सगळं." बाई, एवढं लिहून घेतलंत, मग ते कपाटात कोंडून का ठेवलंत? कुणाला दाखवायचं तरी! आईला भाजीबाजाराच्या मागे जागा मिळाली. तिथून नदीवर कोण जातं, की द्रोण-दिवा घेईल? दोन पावसाळे बसली, मग टोपली माळ्यावर टाकली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, याचाही मला राग येतो.

हे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. नववीच्या त्याच वर्षी शाळेच्या फॉर्मवर आईच्या कामापुढे मी 'घरकाम' लिहिलं होतं. खाली अंगठा तिचाच घेतला. "काय लिवलंय गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, नाव."