पायडलवरचा आकाशदिवा

कुरखेडा, १२ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. भागीरथाबाईस,
धाकट्या भावाचा, भैयाजीचा, शि. सा. न. वि. वि.

शाळा दिवाळीची बंद. यंदा आपल्या दारात विजेचा आकाशदिवा! सायकल स्टँडवर चढवली, डायनामोची तार बांबूवरच्या कंदिलात नेली. पायडल मारू लागलो की गाव जमतं. शेजारचे मुखरूभाऊ म्हणाले, मास्तर, एवढ्यात आरमोरी गाठली असती!

कमळा गेल्यावरची पहिली दिवाळी. पितर याच उजेडाने आपल्या लोकी परततात. माझ्या बायकोची वाट लख्ख असावी, एवढंच.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भैयाजी

ब्रह्मपुरी, १५ नोव्हेंबर

चि. भैयाजीस आशीर्वाद. वि. वि.

मास्तर झालास, शहाणा काऊन नाई झालास? तुझा दम गेला की दिवा गेला! तवा कमळा अर्ध्या वाटेत असली तर? अंधारात परसात जायलेही ती मले सोबत न्यायची. तेलाचा दिवा लाव. तुझे भाऊजी हसून राह्यले. त्याईच्या तोंडात अनारसा कोंबला.
तुझी बाई

कुरखेडा, १९ नोव्हेंबर

ती. बाईस सा. न.

तुझी थट्टा खरी निघाली. पायडल मारतो तोवर घर रिकामं. थांबलो की दिवा विझतो, आणि स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात. कमळा अर्ध्या वाटेतून घरी परतलेली असते. पहिल्या दिवशी दम लागला होता. नंतर, खोटं कशाला लिहू, मुद्दाम थांबत आलो.
भैयाजी

ब्रह्मपुरी, २२ नोव्हेंबर

चि. भैयाजीस,

तुझं पत्र वाचता वाचता भात करपला. मेलेल्या बाईले रोज हेलपाटे घालायले लावतोस अन् याले प्रेम म्हणतोस! माहेरी धाडतानाही असाच तोंड पाडून बसायचास. जाऊ दे तिले. तेलाचा दिवा लाव, सायकलवरून खाली उतर. माझी आण आहे.
बाई

कुरखेडा, २५ नोव्हेंबर

ती. बाईस सा. न.

तुझी आण मोडली नाही. काल सांजेला तेलाचा दिवा लावून उतरलो. बांगड्या अंगणातून निघाल्या, पांदणीच्या वाटेपर्यंत ऐकू आल्या. रडलो, मग पोटभर जेवलो.

आज सकाळी उठून पाहतो तर सायकलचं चाक फिरतंय. सीटवर कोणी नाही. भर उन्हात विजेचा दिवा जळतोय. कमळा आता माझ्यासाठी उजेड धरून आहे. तिच्याकडे जायला पिशवी भरली आहे. रागावू नकोस.
भैयाजी

ब्रह्मपुरी, २७ नोव्हेंबर

भैयाजी,

तुझे भाऊजी हे पत्र घेऊन पुढे निघाले, मागून मी बैलबंडीनं येते. उतर म्हणाली ते माझं चुकलं. सायकलवर बस. पाय सुजले तरी मी दारात येईपर्यंत उतरू नको. पायडलवर तुझे पाय असले तर तिले जागा नाई.

आशीर्वाद आल्यावर देते.