एक आईनं ठेवलेलं, एक पोरानं

आप्पा,

आज दुपारी मांडवगण फराट्याच्या एक बाई कचेरीत माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. हातात प्रतिज्ञापत्र. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि दोन्ही नावांची बाई एकच, असं नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलेलं. असले कागद माझ्याकडं रोज येतात. मी नोटरीचं तिकीट बघतो, गोल शिक्का बघतो, सही बघतो आणि फायलीला टाचणी मारतो. आज उगीच विचारलं, "दोन्ही तुम्हीच ना?" बाई हसल्या. म्हणाल्या, "आता दुसरी कोण असणार, साहेब? नाव बदललं म्हणून माणूस बदलतंय व्हय?" शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले, मीही हसलो, आणि मग संध्याकाळपर्यंत माझं एकाही कामात लक्ष लागलं नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं टाळत आलोय. आज बोलतो.

तुमच्या नावाची गोष्ट आजी मोठ्या कौतुकानं सांगायची. तुमच्या आधीची लेकरं तिच्या मांडीवर टिकली नाहीत. म्हणून तुम्ही जन्मल्याबरोबर गावाकडं, निमोण्याच्या घरामागच्या उकिरड्यावर तुम्हाला नेऊन ठेवलं. शेजारणीनं सापडलेलं मूल म्हणून उचललं, आणि आजीनं सूपभर ज्वारी घालून तिच्याकडून तुम्हाला परत घेतलं. ज्याला कुणी टाकलंय, त्याच्याकडं सटवाई कशाला बघतेय, असा तो हिशेब. आणि ज्या जागी ठेवलं त्या जागेचंच नाव तुम्हाला ठेवलं. आजीच्या लेखी ते नाव नव्हतंच, ते कवच होतं. तुम्ही त्याच नावानं जगलात, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी म्हणून लागलात, दौंडच्या क्वार्टरमध्ये संसार केलात. त्या नावानं कुणी हाक मारली की तुम्ही एवढ्या मोठ्यानं 'ओ' द्यायचात, की दोन लाइन सोडून लोक बघायचे.

मला मात्र त्याची लाज वाटायची. शिरूरच्या बोर्डिंगात होतो तेव्हा तुम्ही एकदा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आला होतात. अंगावर ड्युटीचेच कपडे, कोपरापर्यंत काळं ग्रीस. फाटकातूनच तुम्ही ओरडून सांगितलंत, मी अमक्याचा बाप हाय, माझं नाव अमुक, पोराला बोलवा. गॅलरीभर पोरं उभी होती. त्या दिवसापासून बोर्डिंगात मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही, तुमच्याच नावानं मारली. लाडू मात्र सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मी एकही खाल्ला नाही. पुढच्या वेळी तुम्ही येतो म्हणालात, तेव्हा मी परीक्षेचं कारण सांगितलं, आणि तुम्हाला ते खरं वाटलं.

दहावीच्या बोर्डाचा फॉर्म आमचा आम्हाला भरायला दिला होता. वडिलांच्या नावाच्या चौकटींपाशी आलो आणि मी एक छान, धुतलेलं, इस्त्रीचं नाव तिथं लिहून टाकलं. बारसंच केलं म्हणा तुमचं. कानात कुर्र करायला आत्या नाही, पाळणा नाही, आणि बाळाला पत्ताच नाही. शाळेत फॉर्म रजिस्टरशी ताडून बघायला हवे होते, पण गठ्ठाच्या गठ्ठा तसाच पुढं गेला. गुणपत्रिकेवर ते नाव छापून आलं, त्यावरून कॉलेजात गेलं, पदवीवर चढलं. मी निर्धास्त झालो. खोटं एकदा छापून आलं की ते खऱ्यापेक्षा रुबाबदार दिसतं.

मग नोकरीचा आदेश आला आणि कागद तपासणाऱ्यानं सगळे दाखले शेजारी-शेजारी ठेवले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि तुमच्या रेल्वेच्या कागदावर एक बाप, गुणपत्रिकेवर दुसरा. तो म्हणाला, वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणा. ही दोन्ही नावं माझीच, असं त्यांनी स्वतः नोटरीसमोर शपथेवर सांगायचं. त्याशिवाय हजर करून घेता येणार नाही.

तुम्हाला न सांगताच हे उरकायचं मी ठरवलं. स्टॅम्प पेपर घेतला, कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून मजकूर टाइप करून घेतला आणि घरी आलो. तुम्ही नुकतेच ड्युटीवरून आला होतात. मी कागद असा दुमडून धरला की सहीची जागा तेवढी दिसावी. "कसला कागद?" तुम्ही विचारलंत. "नोकरीचा," मी म्हणालो. तुम्ही साबणानं हात धुतलेत, पुसलेत, कागदाला डाग लागू नये म्हणून मनगटाखाली रुमाल घेतलात आणि जीभ दातात धरून तुमची ती एकुलती एक सही केलीत. दुमडलेलं उलगडून बघितलं नाहीत. तो रुमाल मला अजून दिसतो, आप्पा. इतकं मी कुणालाच फसवलेलं नाही, कारण इतका विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकलाच नाही.

कागद घेऊन दौंडातल्या त्या म्हाताऱ्या नोटरींकडं गेलो. त्यांनी तो वाचला आणि माझ्यामागं बघितलं. "माणूस कुठंय?"

"ड्युटीवर आहेत. सही त्यांचीच आहे, साहेब."

"ती कुणाची ते मी कसं सांगू? मी खाली 'माझ्यासमोर' असं लिहून शिक्का मारतो. समोर कोण आहे? तू." चष्मा काढून त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावलं. "हे बघ, आतला मजकूर खरा का खोटा ते मी ठरवत नाही. ते ज्याचं त्यानं शपथेवर सांगायचं आणि ज्याचं त्यानं निस्तरायचं. मी एवढंच सांगतो की हा माणूस आला, ह्याला ओळखणारा कुणीतरी सोबत होता, ह्याला मजकूर समजला आणि ह्यानं माझ्यापुढं सही केली. तेवढंही मी खोटं लिहायचं म्हटलं, तर शिक्क्याला अर्थ काय राहिला? जा, माणूस आण. ओळखणारा आण. आणि कागद नवा आण."

म्हणजे तुम्हाला सांगणं आलं. रविवारी आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावर बसला होतात. मी भिंतीकडं बघत सगळं सांगून टाकलं. आईची भाकरी तव्यावरच करपली. "आरं, त्या नावानं तर जगलं हे!" ती म्हणाली. "त्याचीच लाज वाटाया लागली व्हय रं तुला?" तुम्ही हात करून तिला थांबवलंत. घास तोंडातच होता. तो चावून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काय ठिवलंस? वाच बरं."

मी वाचलं. तुम्ही परत वाचायला लावलंत. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलंत. "बरं हाय की," तुम्ही म्हणालात. "साहेबाचं वाटतंय." आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करलीत. तुम्ही मला एक मुस्काटात मारायला हवी होती, आप्पा. ती मी आतापर्यंत विसरूनही गेलो असतो.

नोटरीकडं जायच्या दिवशी तुम्ही लग्नकार्याला घालायचा पांढरा सदरा काढलात, तोही लाँड्रीतून इस्त्री करून आणलेला. आई म्हणाली, "कागदावर सही करायला कशाला हो एवढं?" तर म्हणालात, "साहेबाचं नाव हाय. मळक्या कापडात कसं जायचं?" मला टोमणा वाटला. नंतर तुमचा चेहरा बघितला तर तुम्ही खरोखरच भांग पाडत होतात. ओळख पटवायला तुम्ही चाचांना सोबत घेतलंत, तुमच्याबरोबर शेडमध्ये उभी हयात घालवलेले ते फिटर. ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आपल्या घरी आणि दिवाळीला आपल्या करंज्या त्यांच्या घरी.

नोटरींनी मजकूर शब्दन् शब्द मोठ्यानं वाचला. दाराशी नंबर लावून बसलेले लोक ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "समजलं का सगळं?"

"समजलं, साहेब."

"ही दोन्ही नावं तुमचीच?"

"व्हय."

"हे दुसरं कुणी ठेवलं?"

तुम्ही काय सांगाल याची काहीच तयारी मी करून घेतली नव्हती. तुम्ही जरा विचार केलात आणि सरळ सांगितलंत, "पोरानं. एक आईनं ठिवलेलं, एक पोरानं. मग दोन्ही माझीच की, साहेब."

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. नोटरी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या दुसऱ्या नावानं तुम्हाला कुणी ओळखतं का?" आता मात्र तुमच्यानं खोटं बोलवेना आणि खरं बोलून माझी नोकरी घालवावी असंही वाटेना. तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण चाचपत राहिलात. तेवढ्यात चाचा पुढं झाले. "मी वळखतो ना, साहेब. दोन्ही नावानं वळखतो." त्यांनी ओळख पटवणाऱ्याच्या जागी सही ठोकली, तुम्ही तुमची केलीत, नोटरींच्या वहीतही दोघांनी केल्या, तिकीट लागलं, शिक्का बसला. दोन वेगळ्या नावांचे तुम्ही एक माणूस झालात.

बाहेर आल्यावर तुम्ही चाचांवर उखडलात. "तू कशापायी खोटं बोल्लास रं?"

"तुझ्यासाठी न्हाई, पोरासाठी बोल्लो. आन् खोटं काय त्यात? आजपासून वळखतो, झालं?"

"मग मार बघू हाक."

चाचांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नाव आठवतच नव्हतं. मग तुम्ही दोघं रस्त्यात कंबर धरून हसलात. मी कागद फायलीत घालून पुढं चालायला लागलो होतो. तुमच्यासोबत हसायचं सोडून मी कुणी बघत तर नाही ना, ते बघत होतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी नोकरीला लागलो, तुम्ही रिटायर होऊन शिरूरला माझ्याकडं राहायला आलात. तुम्ही गेलात त्यानंतरचं मात्र ठाऊक नाही, आणि ते सांगायलाच मी बसलोय.

तुम्ही गेलात त्या सकाळी पेपरवाल्यांच्या माणसानं निधनवार्तेसाठी नाव मागितलं. कचेरीतले सगळे माझ्याभोवती उभे होते. त्यांना माझ्या नावातला मधला तुकडा तोच ठाऊक होता, तो इस्त्रीचा. मी तोच लिहून दिला. दौंडला ओळखीच्या एकाला फोन करून तिथल्या चौकातल्या फळ्यावरही तेच लिहायला सांगितलं. दुःखात होतो, भान नव्हतं, असं म्हणायला वाव आहे. पण भान होतं. दहाव्याला माझे साहेब आले, सोसायटीतले आले, घाटावर गाड्यांची रांग लागली. तुमच्या शेडमधलं कुणी आलं नाही. निमोण्याहून भावकी आली, पण ज्यांच्याबरोबर तुम्ही आयुष्यभर डबा उघडलात, त्यातलं एकही माणूस नव्हतं. मला राग आला. म्हटलं, माणसं कशी विसरतात.

नंतर पुष्कळ दिवसांनी चाचा घरी आले. गुडघे धरत जिना चढले, हातात तुम्हाला आवडायची ती दौंडच्या बेकरीतली खारी. दारातूनच त्यांनी तुम्हाला हाक मारली, तुमच्या नावानं, पूर्वीच्याच आवाजात. आतून 'ओ' आली नाही म्हणून माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या हाराकडं. पुडा हातात तसाच धरून ते खाली टेकले.

"मी फळा वाचला हुता," ते मग म्हणाले. "आडनाव तुमचंच. म्हटलं, असंल भावकीतलं कुणी साहेब. तितंच उभा राहून चा पिलो आन् घरी गेलो, बघ." ते रडत होते आणि परत परत तेच म्हणत होते, "चा पिलो रं मी तितं." दोन्ही नावांनी ओळखतो म्हणून सही केलेला तुमचा तो एकटा साक्षीदार होता, आप्पा. जे नाव कधी कुणी हाक मारायलाच वापरलं नाही, ते त्यांना तरी कुठून आठवणार? मी जन्मभर तुम्हाला त्या नावाखाली झाकलं, आणि शेवटी तुमच्या माणसांपासूनही झाकलं.

"असं कसं झालं रं?" चाचांनी विचारलं.

मी म्हणालो, "लिहिणाऱ्याची चूक झाली, चाचा."

ते "हां, होतंय," म्हणाले, खारीचा पुडा तुमच्या फोटोपुढं ठेवला आणि चहा न घेता गेले.

त्या दोन नावांच्या बाईंचं काम मी आज ताबडतोब करून दिलं, एवढंच माझ्या हातात होतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण पत्रभर मी तुमचं नाव कुठंही लिहिलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. वर 'आप्पा' लिहिलंय ते मायेनं, असं समजू नका. सुरुवात मी तुमच्या नावानंच करायला बसलो होतो. पहिलं अक्षर लिहिलं, आणि उठून खोलीचं दार लावलंय का ते बघून आलो.