एका गुणाने जिंकलो त्याची हकीगत

मंगळवार, ता. १४
हॉस्पिटलचं कॅन्टीन, सकाळचे साडेसात

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करायला इथे दोन टेबलांच्या मध्ये जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्याच घे. तू तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर, आणि मध्ये हे पत्र! हसशील. पण गेल्या गुरुवारी तूच म्हणालीस ना, की आपल्या लांबूला, तुझ्या लेकाला, सामन्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, सारखा विचारतो, तू सगळं नीट लिहून दे, मी त्याला वाचून दाखवीन. भावजींनी लगेच वही आणून दिली. मी म्हटलं, उद्या देतो. उद्याचे पाच दिवस झाले.

आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. कानात यंत्र असूनही तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जुळवतेस. त्यात वॉर्डात आठ खाटा. त्यामुळे लिहिलेलंच बरं.

तब्येतीचं म्हणशील तर माझी ठीक आहे. भावजींची पाठ दुखतेय, ते सांगणार नाहीत, पण त्या बाकावर झोपून कुणाची दुखणार नाही? त्यांना दुपारी माझ्या खोलीवर पाठव, किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. तू स्वतःही जरा जेवत जा. काल तुझ्या ताटातलं निम्मं माझ्या ताटात वाढलंस ते मी पाहिलं. पन्नाशीला आलेल्या भावाला कसला घास भरवतेस, ताई?

बरं, हकीगत.

रविवारचा, दुपारी तीनचा सामना. आज सोळा दिवस झाले. तुला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं ध्यानात घे की बाहेरगावी आम्ही ओळीने नऊ सामने हरलो होतो. घरच्या मैदानावर वाघ आणि बाहेर पडलो की शेळी. पेपरवाल्यांनी आमची पार लाज काढली होती. दहावा हरलो असतो तर कोच गेला असता, आणि कोच गेला की त्याची माणसंही जातात. म्हणजे मीसुद्धा, संघाचा फिजिओ. बसमध्ये सगळे चिडीचूप. एकटे आजोबा तेवढे विनोद करत होते. आजोबा म्हणजे आमचा कप्तान, वय वर्षं छत्तीस, पण या खेळात छत्तीस म्हणजे काठी टेकायचं वय.

सुरुवात नेहमीसारखीच. अर्ध्या खेळाला ते एकेचाळीस, आम्ही बत्तीस. हॉल खचाखच भरलेला, ढोल बडवत होते मेले, कानठळ्या बसत होत्या. मध्यंतरात कोच कुणावर ओरडला नाही, नुसता फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी लांबूचा घोटा परत बांधत होतो. तो मला हळूच म्हणाला, "मामा, आज सोडणार नाही." आणि खरंच सोडलं नाही गं त्याने. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो जो सुटला! तीन बास्केट, पाच रिबाउंड, म्हणजे कडीवरून परतलेले चेंडू उडी मारून पकडलेले, समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेतलेला वेगळाच. नवाची पिछाडी चारवर आली. ढोलवाले गप्प झाले. माझ्या अंगावर काटा आला. हा आपला पोरगा, ज्याला खेळू द्यावं म्हणून मी तुला तीन महिने गळ घातली होती, तो सगळ्या संघाला ओढून वर काढत होता. हे त्याला नक्की वाचून दाखव. दोनदा दाखव.

शेवटचा भागही वाचून दाखव. सामना संपायला नऊ सेकंद, आम्ही एकोणसत्तर, ते सत्तर. लांबू चेंडू घेऊन आत घुसला, त्यांच्या दांडग्याने त्याला आडवा केला, फाउल मिळाला. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे. हॉलमधला प्रत्येक माणूस उभा राहून बोंबलत होता. पहिला आत. दुसराही आत. त्यांचा शेवटचा चेंडू कडीला लागून बाहेर पडला आणि भोंगा वाजला. एकाहत्तर-सत्तर. आजोबा लहान मुलासारखे रडले. कोचने मला मिठी मारली.

इथे थांब, ताई. आतापर्यंतचं त्याला वाच. यापुढचं आधी तू एकटी वाच, संडासात जाऊन वाच हवं तर, पण एकटी.

मधला भाग मी गाळला आहे. तिसरा क्वार्टर संपायला दोन मिनिटं असताना लांबू रिबाउंडला उडाला आणि कुणाचं तरी कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. खाली आला तो सरळ डोक्यावर. लाकडी फरशीवर जो आवाज झाला तो हॉलच्या गोंगाटातही मला बेंचपर्यंत ऐकू आला.

तू सगळ्यांना सांगतेस की त्याला शेवटच्या नऊ सेकंदांत लागलं. भावजींनाही तेच माहीत आहे. कारण मी तेच सांगितलं.

आमचा नियम असा आहे. डोक्याला मार लागला की मी पाच प्रश्न विचारायचे. आपण कुठल्या गावात आहोत, समोर संघ कुठला, कितवा क्वार्टर चाललाय, शेवटची बास्केट कुणाची, आणि मागच्या सामन्यात काय झालं. एक जरी उत्तर चुकलं तरी खेळाडू बाहेर, पुन्हा आत नाही. कोचला त्यात बोलायचा अधिकारच नाही. तिथे माझा शब्द शेवटचा, आणि मी मोठ्या तोऱ्यात तो मिरवतो, तुला माहीत आहेच.

मी त्याला बेंचवर बसवून विचारलं, कुठल्या गावात आहोत? तो म्हणाला, "घरी."

आता, ही आमच्याकडची जुनी थट्टा आहे. आठवड्याला तीन गावं फिरणाऱ्या माणसाला कुठलं गाव ते कुठे आठवतं? आजोबांनी काही वर्षांपूर्वी सुरू केलं, कुणाला साधं खरचटलं आणि मी विचारलं तरी उत्तर 'घरी'. बेंच हसला. मीही हसलो. समोरचा संघ त्याने बरोबर सांगितला. तो त्यांच्या छातीवर लिहिलेला होता. क्वार्टर त्याने मान वर करून बोर्डावर वाचला. शेवटची बास्केट कुणाची म्हटल्यावर म्हणाला, "माझी." ती आजोबांची होती. मी म्हटलं, "आजोबांनी टाकली ना रे?" तो म्हणाला, "हो, आजोबांनी."

ताई, उत्तर मी सांगितलं. परीक्षकानेच कॉपी पुरवावी तसं.

मग पाचवा प्रश्न. मागच्या सामन्यात काय झालं? तो माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "जिंकलो की, मामा."

मागचा सामनाही बाहेरगावचाच होता, आणि ओळीने नऊ हरलो होतो आम्ही. नऊ! त्या नऊच्या नऊ सामन्यांनंतर हा पोरगा बसमध्ये टॉवेलात तोंड खुपसून बसायचा. त्याने ते विसरणं शक्य नव्हतं. ती थट्टा नव्हती, आणि मला ते तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं.

कोचने मला काही म्हटलं नाही. त्याच्यावर ढकलायचं असतं तर सोपं झालं असतं. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, भुवया वर करून. मी बोर्डाकडे पाहिलं, चारची पिछाडी. मला जिंकायचं होतं, ताई. नोकरीची भीती होती, नाही म्हणत नाही, पण ती नंतर. आधी हे होतं की माझा भाचा आज सगळ्यांची तोंडं बंद करणार आणि मी ते बघणार. मी म्हटलं, "चालेल." कागदावर पाच बरोबरच्या खुणा केल्या, खाली सही ठोकली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये तो चांगला खेळला. कसा खेळला ते देव जाणे, हातापायांना सवय असते. पण त्या दोन फ्री थ्रोचं मी वर लिहिलं, त्यातही एक गोष्ट खाल्ली आहे. त्या दांडग्याने पाडला तेव्हा त्याचं डोकं दुसऱ्यांदा आपटलं होतं. उठला आणि चालत भलत्याच टोकाला गेला, आपल्याच बास्केटसमोर जाऊन उभा राहिला. पंचाने त्याला खांद्याला धरून फिरवून आणला. लोक हसले. टीव्हीवरचा समालोचक म्हणे म्हणाला, काय थंड डोक्याचा खेळाडू आहे, समोरच्यांना खेळवतोय. तेव्हा तरी मी आत पळत जायला हवं होतं. मी जागचा हललो नाही. मनात म्हणत होतो, दोन टाक रे बाळा, दोन टाक, मग बघू.

त्याने टाकले. पाच मिनिटांनी कपडे बदलायच्या खोलीत त्याला उलटी झाली आणि तो माझ्या मांडीवर कोसळला.

अँब्युलन्समध्ये डॉक्टरने विचारलं, आधी कधी मार लागला होता का? मी म्हटलं, किरकोळ. डोक्याचं ऑपरेशन चालू असताना बाहेर बसून मी तो पाच खुणांचा कागद घडी घालून खिशात ठेवला होता, आणि मला काळजी कसली होती माहीत आहे? की तो चुरगळू नये.

मग तू आलीस. आल्या आल्या माझं डोकं छातीशी धरलंस आणि म्हणालीस, "तू होतास म्हणून वाचला माझा पोर." तुझ्या त्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. तेव्हापासून नर्सही मला बघितलं की म्हणतात, हे ते मामा. परवा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या बायकोने माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला गं. मी पळत जिना उतरलो. सोळा दिवस मी मूग गिळून बसलोय आणि तू मला भरवतेस.

संघाने आपल्यापुरतं मिटवलंय. तपासणी नियमाप्रमाणे झाली, खेळाडूने त्रास लपवला असावा, असं पेपरात छापून आलंय, तुम्हा दोघांच्या नजरेला ते पडलेलं नाही. कोच म्हणाला, तू नियमाने वागलास, आता तोंड उघडून कुणाचं भलं होणार? मीही स्वतःची तशीच समजूत घातली होती. पण शनिवारी तू खाली चहाला गेली होतीस तेव्हा लांबूने मला विचारलं. आता तो कसा बोलतो ते तुला माहीतच आहे, एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. म्हणाला, "मामा... मी... खोटं बोललो का... तुला?" कुणीतरी त्याला पेपर वाचून दाखवला होता. आपणच मामाला फसवलं आणि आपल्यामुळे मामावर बालंट आलं, असं त्याने डोक्यात घेतलंय. त्या डोक्यात आधीच काय कमी आहे?

मी त्याला नाही म्हटलं. नुसता त्याचा डावा हात चोळत बसलो, जो त्याला अजून उचलता येत नाही.

काल संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी सांगितलं असतंस तरी ऑपरेशन आणि औषधं हीच झाली असती. पण पहिल्या माराला बाहेर काढला असता तर दुसरा बसला नसता, आणि दुसराच महागात पडला. मी विचारलं नसतं तरी त्यांनी सांगितलं असतं. चांगला माणूस आहे, उगाच गोड बोलत नाही.

आज अकराला लीगच्या चौकशी समितीपुढे जातोय. पाचही उत्तरं त्याने दिली होती तशीच लिहून देणार आहे. या कामातून मला काढतील, काढायलाच हवं. या पत्राची त्यांना गरज लागली तर दे, भावजींना आधी दाखव. माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. तुझ्याकडे ती मागायचं धाडस मला होत नाही, आणि तू पटकन देऊन टाकशील याची जास्त भीती वाटते. देऊ नकोस. निदान लगेच नको.

पण लांबूला आजच सांग. बाकी काही सांगू नकोस हवं तर, एवढंच सांग की तो खोटं बोलला नाही. त्याला जे आठवत होतं ते त्याने खरं खरं सांगितलं. खोटं मी लिहिलं.

दुपारी मी फाटकाजवळच्या बाकावर बसेन, चारपर्यंत. बोलावलंस तर वर येईन. नाही बोलावलंस तर उठून जाईन, राग धरणार नाही.

त्याच्या हाताचा व्यायाम चुकवू नका. सकाळी आणि संध्याकाळी, वीस वीस वेळा, अंगठ्यापासून सुरू करायचं, मग मनगट, मग कोपर. खांदा सर्वांत शेवटी आणि अगदी सावकाश. दुखलं तरी तो सांगत नाही, लहानपणापासूनची खोड आहे, म्हणून हाताकडे बघू नकोस, त्याच्या तोंडाकडे बघ. तिथे सगळं दिसतं. मला त्या दिवशी दिसलं होतं.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याने त्याला परत आत पाठवला