निळ्या तेलाचा भाव

अकोला,
गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय शालूबाईस,
धाकट्या देवमनचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजी गोळ्या वेळेवर घेतात काय? कौशल्यानं तुझ्या शुभमजवळ पाठवलेली जवसाची चटणी पोचली असं तो म्हणे, पण डबा काही परत आला नाही, असं लिहायले तिनं मले सांगतलं आहे. इकडं आमी सगळे बरे आहो, म्हणजे शरीरानं. डोक्याचं काय झालं ते पुढं लिहितो. (फोन काहून केला नाही म्हणशील. फोनवर तू मले मधातच तोडते आणि "देवमन, मुद्द्यावर ये" म्हणते. या गोष्टीचा मुद्दा कोणता हेच मले अजून सापडलं नाही, म्हणून कागद घेतला.)

तुले माहीत आहे, आपली पायल गेल्या वर्षापासून अमरावतीकडच्या एका शाळेत विमान चालवायले शिकून राहिली. मागच्या महिन्यात ती फोनवर सहज बोलून गेली की तिच्या शाळेचं एक विमान खानदेशातल्या एका लहान विमानतळावर उतरलं, तर तिथं तेल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. मी विचारलं, काहून? ती म्हणे, "माहीत नाही बाबा, लहान विमानतळायचं असंच असते." आता बाई, मी एकतीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. तिथल्या एकाही अहवालात मी "असंच असते" लिहिलं नाही. त्यात दोन दिवसांनी शाळेची चिठ्ठी आली, की तेल महाग पडते म्हणून उड्डाणाच्या दर तासामागं जादा आकार लागेल, पालकांनी पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी चर्चेले यावं. आपलं कसंबसं निभलं असतं. पण पायलच्या खोलीत अकोटची प्रणाली राहते, तिचे वडील खुशालराव जिनिंगमध्ये कापूस तोलायचं काम करतात, त्यायचं निभणारं नव्हतं. पोरीनं बॅग भरून ठेवली होती. पायल हे सांगताना मधात थांबली, आणि ती पोरगी बोलताना कधी थांबत नाही. मी म्हणलं, तू काळजी नको करू, रविवारपर्यंत या भावाचं कारण मी शोधतो. ती म्हणे, "बाबा, तुमी मीटिंगले नक्की या. पण बोलू नका." त्यातलं पहिलं वाक्य मी ध्यानात ठेवलं.

सुरुवात आपल्या चौकातल्या पेट्रोल पंपापासून केली. पंपवाले म्हणे, सगळा टॅक्सचा खेळ आहे, राज्य बदललं की भाव बदलला. मी म्हणलं, पण खानदेशही महाराष्ट्रातच आहे. त्यावर त्यायनं मागच्या गाडीत हवा भरायले घेतली. मंग शेजारच्या संघपालले गाठलं, तो टँकर चालवतो. तो म्हणे, "काका, भाव म्हंजे अंतर. डेपोपासून जेवढं दूर तेवढं महाग." मी खूश झालो, नकाशा काढला, फूटपट्टीनं मोजलं, तर आपल्याले डेपो जवळच. संघपाल म्हणे, "तो डेपो डिझेलचा. विमानाचं तेल तिथं भेटते असं मी कुठं म्हणलं?" मंग विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडं गेलो. त्यायनं दीड तास समजावलं. टाकी, पहारेकरी, आग विझवायची सोय, तेल तपासणारा माणूस, हा सगळा खर्च सारखाच राहते, मंग दिवसाले शंभर विमानं येवो की एक. जिथं एकच येते तिथं तो पूर्ण खर्च त्या एकट्याच्या डोक्यावर. हे मले इतकं पटलं की मी उठून उभा राहिलो. मंग ते म्हणाले, "पण कधीकधी उलटंही असते. लहान विमानतळाले सूट भेटते, म्हणून तिथं स्वस्त." मी परत खाली बसलो.

शेवटी बसनं अमरावतीकडं जाऊन विमानतळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याले विचारलं. (पायलले न सांगता गेलो होतो, तिले सांगू नको.) तो म्हणे, "साहेब, इथं विकणारा एक. त्याले कोण विचारते?" चार माणसं, चार कारणं, आणि प्रत्येक कारण मले ऐकताना बरोबर वाटे. घरी येऊन मी चार रंगांत तक्ता केला. बाण इतके झाले की कौशल्या म्हणे, हा घराचा विजेचा नकाशा आहे काय.

रविवारी तक्त्याची गुंडाळी घेऊन बसमध्ये बसलो. मूर्तिजापूरले एक आजीबाई त्या गुंडाळीवर टेकल्या आणि बडनेऱ्यापर्यंत झोपल्या, त्यामुळं टॅक्सचा भाग चपटा झाला. शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये अकरा पालक, मुख्य शिक्षक, आणि हिशेब पाहणारी करिश्मा नावाची पोरगी. पायल आणि प्रणाली मागच्या रांगेत. शिक्षकांनी विचारलं, कोणाले काही बोलायचं आहे काय. बाई, मी तीन मिनिटं दम धरला. मंग उठलो, तक्ता खिळ्याले टांगला आणि पंचवीस मिनिटं बोललो. टॅक्स, अंतर, टाकी, सूट, एकटा विकणारा, काही सोडलं नाही. हे तेल रॉकेलच्या जातीचं, म्हणून त्याची तपासणी कशी करतात, तेही सांगतलं. लोक शांत ऐकत होते. मले वाटलं, पटून राहिलं.

माझं झाल्यावर करिश्मा म्हणाली, "काका, लय मेहनत केली तुमी. पण हे जेट विमानाचं तेल आहे. आपल्या शिकायच्या विमानायले हे चालत नाही."

"मंग कायवर चालतात?"

"पेट्रोलसारखं असते. निळं दिसते. त्याचा हिशेबच वेगळा."

आता पंधरा दिवस मी ज्या तेलामागं फिरलो ते माझ्या पोरीच्या विमानात जातच नाही, हे मले अकरा पालकांसमोर समजलं. मी मागं पाह्यलं. प्रणाली छताकडं पाहत होती, पायल स्वतःच्या बुटांकडं. तक्ता खिळ्यावरून काढावा तर तोही निघेना.

तेवढ्यात पायल उभी राहिली. म्हणे, "सर, बाबांचं तेल चुकलं, पण प्रश्न चुकला नाही." मंग तिनं सांगतलं की निळं तेल इथं पिंपात येते, आणि पिंपाची वही दर आठवड्याले विद्यार्थीच भरतात. तिनं सहा महिन्यांची पानं पाह्यली होती. तेल संपत आलं की शाळा घाईनं चार पिंपं मागवते, आणि लांबून येणाऱ्या पूर्ण गाडीचं भाडं त्या चार पिंपांवर पडते. खानदेशातल्या त्या विमानतळावरची शाळा गाडी भरून घेते. "आपण त्यायच्यासंगं मिळून मागवलं तर? तिथली एक गाडी इथंपर्यंत आली तर?" एवढंच बोलून ती बसली. एक मिनिटही लागलं नसन. मुख्य शिक्षकांनी करिश्माकडं पाह्यलं, करिश्मानं वहीकडं. मंग ते म्हणाले, दोन महिने जादा आकार थांबवू, तोवर पायलनं आणि करिश्मानं त्या शाळेसंगं बोलून पाहावं.

बाहेर खुशालरावांनी माझा हात धरला. म्हणे, "देवमनभाऊ, मले तुमचं काहीच समजलं नाही. पण तुमी इतका वेळ बोलले की मंग कोणाचंही ऐकायले सगळे तयार होते." ही तारीफ आहे की काय, मी अजून ठरवून राहिलो. प्रणालीनं मात्र त्याच दिवशी बॅगेतले कपडे परत कपाटात लावले, असं पायलनं सांगतलं.

मले खरं जे लागलं ते पुढं. बसस्टँडवर पायल मले सोडायले आली. मी म्हणलं, तू मले नको बोलू म्हणली होती, मी बोललो, तुझी फजिती झाली. ती म्हणे, "झाली ना. पण बाबा, मी ती वही चिठ्ठी आल्या दिवसापासून पाहून राहिली होती. उठून बोलायचं धाडस नव्हतं होत. तुमच्यानंतर काहीही बोललं तरी चाललं असतं." आणि हसली. मीही हसलो, थोडं उशिरानं.

दोन शाळांची मिळून पहिली गाडी परवा आली. भाव उतरला, जादा आकार रद्द झाला. पण बाई, आता गाडी तीच, तेल तेच, तरी खानदेशात अजून थोडं स्वस्तच आहे. काहून? काल पायल सुट्टीवर घरी आली, तेव्हा तिनं मले कागदावर आकृती काढून समजावलं. मी "हो, हो" म्हणलं. तो कागद माझ्याजवळ आहे, पण त्यातली वरची बाजू कोणती ते समजून नाही राहिलं.

भाऊजींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद. डब्याचं लक्षात असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
देवमन

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. शाळेनं पालकांसाठी विमानातून एक चक्कर ठेवली आहे. शिक्षक चालवतील, पायल त्यायच्या बाजूले, मी आणि कौशल्या मागं. फॉर्मवर वजन विचारलं होतं. मी बहात्तर लिहिलं. खरं ब्याऐंशी आहे. त्या वजनावरूनच विमानात तेल किती भरायचं ते ठरवतात, असं मले फॉर्म दिल्यावर समजलं. तू पायलले सहज म्हणून विचार, की एखाद्या माणसानं दहा किलो कमी लिहिले तर काय होते. माझं नाव घेऊ नको.

आणखी एक – कौशल्यानं स्वतःचं खरं लिहिलं आहे, त्यामुळं तिच्याजवळ हा विषय काढता येत नाही.

आत्या, मी पायल. पाकिटावर पत्ता लिहायले बाबांनी पत्र माझ्याजवळ दिलं, पाकीट उघडंच होतं. विमानात बसायच्या आधी सगळ्यांना काट्यावर उभं करतात, फॉर्मवर कोणी विसंबत नाही. पण हे त्यांना कळवू नको. आई सांगते, फॉर्म दिल्यापासून ते दोन्ही वेळेला एकच भाकर खातात आणि रोज सकाळी नेहरू पार्कपर्यंत पायी जातात. डॉक्टर तीन वर्षांपासून तेच सांगून राहिले होते.