कार्यक्षम स्क्रूची हकिगत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगांनी, हे मला ठाऊक आहे. आज सातांवर भागवून घ्या. डावा हात कामात आहे. का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे डॉक्टर गाठावा इतकं अजून कुणाला काही झालेलं नाही. अक्षर तिरपं दिसेल. कागद धरायला दुसरा हात नसल्यामुळे त्यावर सरसाचा डबा ठेवला आहे. कोपऱ्यातला गोल डाग त्याचाच.

तुम्ही आमच्या बायंडिंगच्या दुकानातून चहा न घेता उठून गेलात, त्याला परवा दोन महिने झाले. जाताना पुस्तकं दाबायच्या प्रेसचा जुना स्क्रू नटासकट पोत्यात गुंडाळून खांद्यावर टाकलात आणि मागे वळून पाहिलं नाहीत. तो स्क्रू तुम्हीच केलेला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मी दुकान टाकलं तेव्हा, कारखान्यातली पाळी संपल्यावर अकरा संध्याकाळी लेथवर उभं राहून तुम्ही त्याचे चौकोनी आटे पाडलेत. (मनगटाएवढा जाड. चोराने पळवायचा म्हटलं तरी आधी व्यायाम करावा लागला असता.) त्याने आजवर एकदाही तक्रार केली नाही, आणि हाच त्याचा मोठा दोष ठरला. जी वस्तू मुकाट्याने काम करते तिच्यात सुधारणा करायला माणसाचे हात शिवशिवतात.

त्यातून आमचे जावईबापू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. स्क्रूने ओझं कसं उचलायचं आणि कसं दाबायचं, हा त्यांचा खास विषय. त्यामुळे प्रत्यक्ष स्क्रू फिरवायचा प्रसंग त्यांच्यावर आजवर आलेला नव्हता. त्यांनी पट्टी लावून मापं घेतली, पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला आणि निकाल दिला: दांड्यावर आपण शंभर भाग जोर लावतो, त्यातले बावीसच पुस्तकांपर्यंत पोचतात, उरलेले अठ्ठ्याहत्तर घर्षण खाऊन टाकतं. अठ्ठावीस वर्षं माझे अठ्ठ्याहत्तर भाग कुणीतरी खात होतं आणि मला पत्ताही नव्हता! त्या दुपारी मला माझीच फार दया आली.

मग नवा स्क्रू झाला. दिसायला असा की शोकेसमध्ये ठेवावा. एका आट्याच्या जागी शेजारी शेजारी तीन आटे, आरशासारखे घासलेले, पितळी नट, वर पातळ तेलाची धार. पूर्वी प्रेसचा दाबायचा पाट पुस्तकांवर आणायला दांड्याचे दहा फेरे लागत, आता तीन. शंभरातले सत्तर भाग थेट पुस्तकांवर! तुम्ही त्या दिवशी एवढंच विचारलंत, "हात सोडल्यावर थांबेल का?" जावईबापू हसले. (हे हसणं कॉलेजात मागच्या बाकावरच्या मुलांसाठी राखीव असावं.) ते म्हणाले, "मामा, सत्तर टक्के!" तुम्ही पोतं मागितलंत.

मामा, तो थांबत नाही.

लहानपणी तुम्ही मला कागदाची तिरपी पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून दाखवली होती, की स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली चढण. चढण हलकी असली तर वर जायला चाल जास्त पडते, पण गाडी मध्येच सोडली तरी जागची हलत नाही, कारण घर्षण तिला धरून ठेवतं. तीच चढण उभी केली आणि वरून तेल ओतलं की गाडी झपकन वर जाते आणि हात सोडताच तितक्याच झपकन खाली येते. हे मला वयाच्या नवव्या वर्षी समजलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा समजायला दोन महिने आणि सहा पुस्तकं लागली.

ती सहा पुस्तकं वाचनालयाच्या ज्ञानकोशाचे पहिले सहा खंड होते. सरस लावून, प्रेस आवळून मी जेवायला गेलो. परत आलो तर दांडा उलटा फिरून मोकळा, पाट वर आणि सहाही खंड गाल फुगवून बसलेले. वाचनालयाच्या बाई मोजकं बोलतात. त्यांनी एक खंड टेबलावर ठेवला, तो आपोआप उघडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे पुस्तक आहे की पंखा?" ते सहा उसवून पुन्हा बांधायचे आणि उरलेले अठराही सोमवारी सकाळी पोचवायचे, नाहीतर ज्ञानकोशच नव्हे, वाचनालयाचं सगळंच काम पुलापलीकडच्या मशीनवाल्याकडे जाईल. मामा, माझ्या दुकानात दुसरं काम आहेच कुठे? लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवून पोट भरत नाही.

उपाय पुष्कळ झाले. आधी जावईबापूंनी दांडा दोरीने दाराच्या कडीला बांधला. हिशेबाने दोरी पक्की होती. फक्त दार उघडण्यासाठी असतं हे हिशेबात धरायचं राहिलं. कागदवाल्याने बाहेरून दार ढकललं, दोरी सैल पडली, दांडा गरकन फिरला आणि जावईबापूंचा चष्मा सरसाच्या डब्यात गेला. (निघाला. पण आता डोळ्यांवरून सहज निघत नाही.) त्यानंतर त्यांनी प्रेसला ब्रेक बसवायची योजना काढली. मी विचारलं, ब्रेक काय करतो? म्हणाले, घर्षण निर्माण करतो. म्हणजे होतं ते घर्षण खर्च करून काढलं, आता खर्च करून परत आणायचं. शिक्षणाशिवाय हे सुचणं शक्य नाही.

तोवर आम्ही माणसं वापरतो. दांडा धरून बसायच्या पाळ्या लागल्या आहेत आणि त्यांचा तक्ता जावईबापूंनीच तीन रंगांत आखून भिंतीला लावला आहे. सकाळी तुमची भाचेसून धरते, मग तुमची नात, दुपारी मी. आत्ता हे लिहितानाही खंड अकरा ते सोळा माझ्या डाव्या हाताखाली वाळत आहेत. नाक खाजलं तर लेखणी खाली ठेवावी लागते. आता दंडाला मुंग्या आल्यात, तेव्हा पत्र पुरं करतो. मामींना नमस्कार.

तुमचा सात अंगांचा भाचा

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तो पोत्यातला जुना स्क्रू अजून आहे ना? नट सोबत असेल तर आज संध्याकाळपर्यंत चालेल.

ता. क. २. मला उठता येत नाही, म्हणून पत्र जावईबापूंच्याच हाती पाठवतो आहे. पाकीट एका हाताने चिकटवलं आहे, तेव्हा वाटेत उघडलं तर नवल नाही. स्क्रू त्यांच्याच खांद्यावर द्या. हात लावू नका. शंभरातले किती भाग खांद्यापर्यंत पोचतात तेही त्यांना कळू दे.

ता. क. ३. वरचं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट राहिलीच. जावईबापूंनी फक्त हिशेब केला होता. स्क्रू बदला, असं ते बोलले नव्हते. चारचौघांत "मामांचं काम आता जुनं झालं" असं मी बोललो, आणि तुम्ही दारात चपला काढत होतात. तुम्ही चहा का घेतला नाहीत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. दोन महिने तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं. चुकलो, मामा. नुसता स्क्रू पाठवू नका, बरोबर तुम्हीही या. तो तुमच्या हाताने बसला की माझा हात सुटेल, आणि राहिलेलं आठवं अंग मी तिथेच तुमच्या पायाशी पोचतं करीन.