बाबांचं जाळं आणि सात किलोची बॅग

आरमोरी, मंगळवार

चि. अतुल यास श्रीहरीचे आशीर्वाद. सौ. रीता खुशाल असेल. नव्या फ्लॅटचे नळ आणि लिफ्टही खुशाल असोत. इकडे माझी कंबर सोडली तर सारे ठीक. वास्तुशांतीला सख्खा मोठा भाऊ आला नाही म्हणून तू फोनवर जे बोललास ते तुझ्या वहिनीने, वच्छलाने, शेजारी बसून ऐकले, आणि मी तोंड उघडायच्या आत तू फोन ठेवलास. पत्र तरी पूर्ण वाचशील म्हणून लिहितो.

तू विमानाचे तिकीट पाठवलेस, फार उपकार झाले. (सर्वांत स्वस्त होते, हे तुझ्या वहिनीने लगेच ओळखले.) मोठे सामान न्यायचे नाही, हातातली एक बॅग, सात किलोची, आणि वर एक वैयक्तिक वस्तू, समोरच्या सीटखाली मावेल अशी. आता गावातून कोणी पुण्याला निघाला की वानोळा दिल्याशिवाय कोण राहतो? सोमारीने सुके झिंगे आणले, बुधरीने लाखोळीची डाळ, बाबुलालने जवस. कोणाला नाही म्हणणार? शेवटी मी माझेच कपडे बाहेर काढले आणि अंगावरच्या जोडीवर निघालो. बॅगेत माझे असे काहीच उरले नाही. तेव्हा माझी वैयक्तिक वस्तू म्हणजे बाबांचे फेकजाळे, असे मी ठरवले. ते तूच मागितले होतेस. "भाऊ, बाबाचं जाळं घेऊन येजो, रीताले हॉलच्या भिंतीवर लावाचं आहे," असे म्हणाला होतास. भिंतीवर मासा कुठून येणार, हे मी विचारले नाही, कारण तू शिकलेला.

जाळे घडी करून पिशवीत घातले. सीटखाली आरामात मावले असते. पण विमानतळावर तपासणीच्या मशीनवाल्याला जाळे दिसले नाही, फक्त कडेला ओवलेले शिशाचे मणी दिसले, बंदुकीच्या गोळ्यांसारखे. तो पडद्याकडे बघे, मग माझ्या आधारवरचा गडचिरोली जिल्हा वाची, मग पुन्हा पडद्याकडे. आपल्या जिल्ह्याचे नाव वाचले की लोकांचा चेहरा कसा होतो ते तुला ठाऊक आहे. (तू स्वतः चंद्रपूरचा म्हणून सांगतोस, हेही मला ठाऊक आहे.) आणखी दोघे आले. जाळे टेबलावर पसरले, तशा वाळलेल्या शिंपल्या खाली पडल्या आणि आपल्या तलावाचा वास त्या चकचकीत जागेत सुटला. मागच्या गृहस्थाने नाकाला रुमाल लावला. मला त्या रुमालाचा फार राग आला. बाबांनी एकेक मणी स्वतः ओतलेला, आणि लोक तो बोटाच्या टोकाने उचलून पाहत होते. शेवटी साहेब समजूतदारपणे म्हणाले, हे वर नेता येणार नाही, काउंटरवर परत जा. मी परत गेलो, रांग मोठी होती, विमान निघून गेले. नियमापुढे माणसाने काय करावे?

झिंगे घरी आले ते आम्हीच खाल्ले. रीताला आशीर्वाद सांग.

तुझा भाऊ,
श्रीहरी

ता. क. प्रसाद कुरियरने पाठवू नकोस, मुंग्या लागतात.

दुसरा ता. क. रांग नव्हती. काउंटरवरची मुलगी भली होती, जाळे मोठ्या सामानात घालते, पैसे नको म्हणाली. मीच नाही म्हटले आणि बाहेर येऊन बस धरली. अतुल, ते जाळे मी अजून रोज तलावात टाकतो, त्यावर आमची चूल पेटते, आणि हे तू एकदाही विचारले नाहीस. भिंतीसाठी बाबांचा फोटो पाठवतो. जाळे हवे असेल तर ये, एकदा माझ्यासमोर टाक, मग खुशाल घेऊन जा, मी दुसरे विणून घेईन. मी तुझी वाट पाहतो हे लिहू नका, असे वच्छला म्हणते. पाहतो.